रुग्णाची मर्जी आणि डॉक्टरांची वडीलकी : उपचाराचा निर्णय पायरीपायरीने कसा घ्यावा

"आईला यातलं काही सांगू नका, डॉक्टर. जे काय असेल ते मला सांगा." वडोदऱ्यात रावपुरा आणि दांडिया बाजार या भागांतल्या मराठी कुटुंबांचा फॅमिली डॉक्टर म्हणून तीसहून अधिक वर्षे काम करताना हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की, रिपोर्टचा लिफाफा घेऊन, आईला बाहेरच्या बाकावर बसवून एखादा मुलगा एकटाच आत आला की पुढे तो काय बोलणार हे मला आधीच कळत असे. मुलगा वाईट नसतो. तो मायेपोटीच बोलत असतो. डॉक्टरलाही ते सोयीचे असते, कारण घाबरलेल्या म्हाताऱ्या बाईपेक्षा तिच्या व्यवहारी मुलाशी बोलणे सोपे जाते. गैरसोय होते ती बाहेर बसलेल्या बाईची, आणि शरीर मात्र तिचे असते.

रुग्णाने स्वतःच्या शरीराबद्दलचा निर्णय समजून-उमजून स्वतः घ्यावा, या तत्त्वाला वैद्यकीय नीतिशास्त्रात रुग्णाची स्वायत्तता म्हणतात. रुग्णाच्या भल्यासाठी म्हणून त्याला न विचारता किंवा त्याच्या इच्छेविरुद्ध निर्णय घेण्याच्या वृत्तीला पुस्तकी मराठीत पितृत्ववाद असा शब्द आहे. मी तिला वडीलकी म्हणणार आहे, कारण वडीलकीच्या नात्याने चार शब्द सांगणे आपल्या घरांत दोष मानले जात नाही, आणि नेमक्या त्याच कारणाने ती ओळखणे अवघड जाते. माझ्या अनुभवात ही वडीलकी डॉक्टरांपेक्षा घरची माणसेच जास्त गाजवतात; डॉक्टर बहुधा तिला मान डोलावतो. ती फक्त आपल्याकडची आहे, असेही समजू नये. १९६१ साली अमेरिकेत शिकागो येथील डॉक्टरांच्या एका पाहणीत सुमारे ९० टक्क्यांनी कर्करोगाचे निदान रुग्णाला न सांगण्याकडे कल दाखवला होता, आणि १९७९ साली तशाच पाहणीत ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले. एवढ्या थोड्या काळात जी गोष्ट उलटी होते ती रीत असते, आणि रीत बदलता येते.

पुढे लिहिलेले रुग्णासाठी आहे, त्याच्या घरच्यांसाठी आहे, आणि तरुण डॉक्टरांनी वाचले तर त्यांच्यासाठीही आहे. माझे सांगणे थोडक्यात असे की, मर्जी आणि वडीलकी यांची टक्कर बहुतेक वेळा प्रश्न उशिरा विचारल्यामुळे होते.

पहिली पायरी : निर्णय कोणत्या जातीचा आहे ते ओळखावे

सगळे वैद्यकीय निर्णय एका मापाचे नसतात, आणि प्रत्येक वेळी सारखीच चर्चा करत बसणे हा वेळेचा अपव्यय आहे. अपघातात बेशुद्ध झालेला माणूस, श्वास अडकलेले मूल, रक्तस्राव थांबत नसलेली बाळंतीण यांच्या बाबतीत आधी जीव वाचवायचा असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली सांगून ठेवले आहे की, डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवण्याचे उपचार त्याने औपचारिकतेसाठी थांबवता कामा नयेत. संमती देण्याच्या स्थितीत रुग्ण नसेल आणि त्याच्या वतीने ती देणारे कोणी वेळेत सापडत नसेल, तर सद्भावनेने केलेल्या उपचाराला कायद्याचेही संरक्षण आहे. इथली वडीलकी योग्यच आहे. मात्र रुग्ण शुद्धीवर आल्याक्षणी ती संपते, हे विसरू नये.

दुसऱ्या जातीच्या निर्णयांत शहाणपणाचा रस्ता एकच असतो. क्षयरोगाचे निदान पक्के झाले की औषधांचा पूर्ण कोर्स घ्यायचा असतो. तिथे डॉक्टरांनी ठामपणे सांगावे, रुग्णाच्या शंका दूर कराव्यात आणि पुढे जावे. याच जातीत उलट बाजूचीही प्रकरणे येतात. साध्या सर्दी-पडशाला प्रतिजैविक द्या, अशक्तपणा वाटतो म्हणून 'बाटला चढवा', म्हणजे सलाइन लावा, असा आग्रह धरणारे रुग्ण बडोद्यात प्रत्येक डॉक्टरने पाहिले आहेत. उपयोग नसलेला उपचार मागण्याचा हक्क स्वायत्ततेत येत नाही, आणि तो नाकारणारा डॉक्टर वडीलकी करतो असे म्हणता येणार नाही. त्याने कारण सांगायला हवे, एवढेच.

खरी चर्चा लागते ती तिसऱ्या जातीला. इथे दोन किंवा अधिक रस्ते वैद्यकीयदृष्ट्या जवळपास सारखे असतात, आणि कोणता घ्यावा हे रुग्णाला आयुष्यात काय मोलाचे वाटते यावर ठरते. गुडघ्याचा सांधा आत्ता बदलायचा की काठी आणि व्यायामावर आणखी दोन वर्षे काढायची, प्रोस्टेटची गाठ वाढलेली असताना गोळ्या चालू ठेवायच्या की शस्त्रक्रिया करून घ्यायची, हे असे निर्णय आहेत. यातले सर्वांत स्पष्ट उदाहरण स्तनाच्या कर्करोगाचे आहे. सुरुवातीच्या टप्प्यातील पुष्कळ रुग्णांत फक्त गाठ काढून पुढे रेडिएशन घेणे आणि पूर्ण स्तन काढणे या दोन्ही मार्गांनी जगण्याची शक्यता सारखीच राहते. हे २० वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांतून दिसून आले आहे. मग ठरवायचे कशावर? पाद्रा किंवा डभोईकडच्या खेड्यात राहणाऱ्या बाईला रेडिएशनसाठी काही आठवडे जवळजवळ रोज शहरात यावे लागणार असेल, आणि घरी गुरे व अंथरुणाला खिळलेली सासू असेल, तर ती पूर्ण स्तन काढण्याचा पर्याय निवडू शकते आणि तिची निवड शहाणपणाची असू शकते. याउलट, "आता या वयात काय करायचंय" असे गृहीत धरून साठीतल्या बाईला दुसरा पर्याय न सांगणारा शल्यचिकित्सक तिच्या मनाचा निर्णय स्वतःच करून मोकळा होतो. पहिल्या बाईचा निर्णय बसच्या वेळापत्रकाने घेतला असे कोणी म्हणेल, आणि ते काही अंशी खरेही आहे. म्हणून पर्याय सांगताना धर्मशाळा, प्रवासखर्च, सरकारी योजना यांची माहितीही तितक्याच तपशिलाने द्यायला हवी. गुजरातमध्ये पात्र कुटुंबांना २०२३ पासून आरोग्य योजनेच्या कार्डावर वर्षाला १० लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. कोणता पर्याय त्यात बसतो हे रुग्णालयाच्या योजनेच्या खिडकीवर निर्णयाच्या आधी विचारावे.

दुसरी पायरी : निर्णय कोणाचा, हे ठरवावे

अठरा वर्षे पूर्ण झालेल्या आणि समजण्याची क्षमता असलेल्या व्यक्तीचा निर्णय तिचाच असतो. हे वाक्य लिहायला सोपे आहे आणि आपल्या घरांत पचायला फार जड आहे. पतीची सही, थोरल्या मुलाची सही, सासऱ्यांची संमती यांना रुग्णालयांतही सवयीने महत्त्व दिले जाते. गर्भपातासंबंधीच्या १९७१ च्या कायद्यात प्रौढ स्त्रीची स्वतःची संमतीच पुरेशी मानली आहे, पतीची लागत नाही. तरीही "मिस्टरांना घेऊन या" हे वाक्य आजही ऐकू येते. मुलांच्या बाबतीत संमती आईवडिलांची असते, पण दहा-बारा वर्षांच्या मुलाला काय होणार आहे ते त्याच्या भाषेत सांगितले तर पुढची अर्धी रडारड वाचते.

क्षमता आहे की नाही हे पाहण्यासाठी चार गोष्टी तपासतात : सांगितलेले समजते का, ते स्वतःला लागू आहे हे पटते का, पर्यायांची तुलना करता येते का, आणि केलेली निवड सांगता येते का. ही क्षमता निर्णयागणिक वेगळी असते. ज्या आजोबांना बँकेचा व्यवहार आता जमत नाही, त्यांना आपल्याला ऑपरेशन हवे की नको हे नीट सांगता येऊ शकते. डॉक्टरांशी मत जुळत नाही, एवढ्यावरून क्षमता गेली असे ठरत नाही. प्रत्यक्षात मी असे पाहिले आहे की, हो म्हणणाऱ्या रुग्णाची क्षमता कोणी तपासत नाही आणि नाही म्हणणाऱ्याची लगेच तपासतात.

हा निष्कर्ष काढण्याआधी घरच्यांनी काही साध्या गोष्टी कराव्यात. आजींचा चष्मा आणि कानातले यंत्र रुग्णालयात आणले आहे का ते पाहावे. शस्त्रक्रियेनंतर, तापात किंवा रक्तातील सोडियम उतरल्यावर वृद्ध माणसे संध्याकाळनंतर भ्रमात बोलतात आणि सकाळी पुष्कळ वेळा ठीक असतात. म्हणून महत्त्वाचे बोलणे सकाळी, झोप झाल्यावर करावे. रात्रीच्या गोंधळावरून "यांना काही कळत नाही" असा शेरा फाइलीत पडला, तर तो पुढचे आठ दिवस पुसला जात नाही.

तिसरी पायरी : रिपोर्ट येण्याआधी एक प्रश्न विचारावा

या पायरीवर मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण ती मी स्वतः चुकलो आहे.

एक निवृत्त रेल्वे कर्मचारी माझे जुने रुग्ण होते. त्यांना कावीळ झाली, आणि तपासणीत ती स्वादुपिंडाच्या कर्करोगामुळे असल्याचे निघाले. मुलांनी मला घरच्या गच्चीवर नेऊन सांगितले की बाबांना कळता कामा नये, आणि मी कबूल झालो. काविळीचा इलाज म्हणून त्यांना एका मोठ्या रुग्णालयात नेण्यात आले. तिथल्या विभागाच्या दारावर नाव गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन लिप्यांत लिहिलेले होते, आणि जन्मभर स्टेशनांच्या पाट्या वाचलेल्या माणसाने ती पाटी वाचली. घरी आल्यावर ते कोणाशी काही बोलले नाहीत. मुले त्यांच्यासमोर काविळीच्या पथ्याच्या गोष्टी करत राहिली आणि तेही मुकाट्याने उसाचा रस पीत राहिले. शेवटच्या आठवड्यात मी एकटा भेटायला गेलो तेव्हा त्यांनी विचारले, "डॉक्टर, तुम्हाला तरी माहीत होतं ना?" पुण्याच्या थोरल्या भावाशी वाटणीवरून त्यांचा कित्येक वर्षांचा अबोला होता. तो मिटवायला त्यांना जायचे होते, आणि प्रवास झेपण्यासारखे दिवस आम्ही पथ्यात घालवले होते.

त्यानंतर मी एक पद्धत पाडली. बायोप्सी, सोनोग्राफी, स्कॅन अशा ज्या तपासणीतून मोठे काही निघू शकते, ती लिहून देतानाच, म्हणजे कोणालाच काही माहीत नसताना, रुग्णाला घरच्यांसमोर विचारायचे : "आजी, ही तपासणी करतोय. साधं काही निघेल, मोठंही निघू शकतं. जे निघेल ते तुम्हाला सगळं सांगू, थोडक्यात सांगू, की मुलाला सांगू? आणि पुढचं ठरवायचं कोणी?" रिपोर्ट आल्यावर हाच प्रश्न विचारला तर तो प्रश्नच बातमी होतो, आणि मग घरचे तो विचारूच देत नाहीत. आधी विचारला तर तो नेहमीच्या चौकशीसारखा वाटतो.

उत्तरे नाना प्रकारची येतात. कोणी म्हणते, सगळे सांगा, मी कोणाला घाबरत नाही. कोणी म्हणते, मला नावगाव नको, दुखणार किती आणि खर्च किती एवढेच सांगा. एका काकूंनी सांगितले होते, "सूनबाईला सांगा, ती नीट लिहून ठेवते, मुलगा घाबरट आहे." रुग्णाने आपणहून निर्णय दुसऱ्याच्या हाती सोपवला तर तोही त्याचा स्वतःचा निर्णयच आहे, आणि त्याचा मान राखावा. फरक इतकाच की, सोपवणे त्याच्या तोंडून आलेले असावे, घरच्यांनी गृहीत धरलेले नसावे. उत्तर केसपेपरवर तारखेसह लिहावे, आणि उपचार बदलेल तेव्हा पुन्हा विचारावे, कारण माणसाचे मन बदलते.

प्रश्न आधी विचारायचा राहून गेला असेल आणि मुलगा गच्चीवर नेऊन गळ घालू लागला, तर डॉक्टरांनी वाद घालू नये. त्याला विचारावे, "सांगितलं तर काय होईल असं तुम्हाला वाटतं?" बहुधा उत्तर येते की आई खचेल, जेवण सोडेल. मग विचारावे, "त्यांना आत्ता काय ठाऊक आहे असं वाटतं?" इथे मुलगा थबकतो, कारण आईने हे कधीच ओळखले आहे अशी शंका त्याला असतेच. त्यानंतर मी माझी मर्यादा सांगत असे : "मी आपणहून काही त्यांच्यावर लादणार नाही. त्यांना किती जाणून घ्यायचं आहे ते मात्र विचारणार, आणि त्यांनी सरळ विचारलं तर खोटं बोलणार नाही." या तीन वाक्यांवर भांडण झाल्याचे मला आठवत नाही; नाराजी मात्र पुष्कळ पाहिली.

चौथी पायरी : बोलणे रुग्णाच्या भाषेत व्हावे

आपल्या शहरात ही पायरी विशेष महत्त्वाची आहे. गायकवाडी काळापासून इथे राहणाऱ्या मराठी घरांतली आजी खंडेराव मार्केटात भाजीवालीशी अस्खलित गुजरातीत घासाघीस करते, म्हणून ती गुजरातीत छापलेले संमतिपत्रक वाचू शकेल असे नाही. शिवाय दुखण्याचे शब्द तिच्या मनात मराठीच असतात. कळ, ठणका, चमक, मुंग्या हे तिच्यासाठी चार वेगळे त्रास आहेत, आणि दुभाष्याच्या तोंडी ते सगळे मिळून एक 'दुखावो' होतात. गुजरातीत तापाला 'ताव' म्हणतात. नव्याने नागपूरहून आलेल्या माझ्या एका रुग्णाला रात्रीच्या परिचारिकेने ताव आला का असे विचारले, तेव्हा आपण कोणावर चिडलो होतो हे तो बिचारा आठवत बसला होता. हसण्याजोगी गोष्ट आहे, पण तीच गत भूल आणि रक्तस्रावाच्या वाक्यांची झाली तर हसू येणार नाही.

दुभाषी म्हणून शक्यतो ज्याचा निर्णयात हितसंबंध नाही असा माणूस असावा, आणि त्याने गोषवारा न सांगता वाक्यामागून वाक्य सांगावे. इंग्रजी माध्यमात शिकलेला नातू उत्साही असतो, पण त्याला 'मूत्रपिंड' ठाऊक नसते आणि आजीला 'किडनी' म्हटलेले लगेच समजते, तेव्हा रुळलेले इंग्रजी शब्द टाळण्याचा हट्टही नको.

विचारायचे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. नेमके काय करणार, कशासाठी, त्याने काय फायदा होईल, दुसरे मार्ग कोणते, मोठे धोके कोणते, आणि काहीच केले नाही तर काय होईल, ही माहिती संमती घेण्याआधी द्यावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या एका निकालात स्पष्ट केले आहे. माझ्याकडून दोन प्रश्नांची भर : ठरवायला किती वेळ आहे, आणि घरी परतल्यावर स्वतःचे स्वतः किती करता येईल. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर डॉक्टर सहसा आपणहून देत नाहीत, आणि म्हाताऱ्या माणसाला तेच सर्वांत आधी हवे असते.

आकडे नेहमी शंभर माणसांच्या हिशेबात मागावेत. "या औषधाने धोका पन्नास टक्क्यांनी कमी होतो" हे वाक्य, शंभरांपैकी दोघांना होणारा त्रास एकावर येतो तेव्हाही खरे असते आणि चाळिसांवरून विसांवर येतो तेव्हाही. दोन्ही ठिकाणी रुग्णाचा निर्णय वेगळा असू शकतो. बोलणे संपल्यावर डॉक्टरांनी "समजलं ना?" असे विचारू नये, कारण त्यावर मान हलतेच. त्याऐवजी विचारावे, "घरी गेल्यावर मावशींना काय सांगाल?" रुग्णाच्या उत्तरातून आपण काय नीट सांगितले नाही ते लगेच कळते.

पाचवी पायरी : डॉक्टरांनी मत द्यावे, पण नंतर

वडीलकीवर टीका ऐकून ऐकून काही तरुण डॉक्टर दुसऱ्या टोकाला गेले आहेत. ते तीन पर्याय, त्यांचे टक्के आणि खर्च सांगतात आणि "तुम्हीच ठरवा" म्हणून मोकळे होतात. समोरचा माणूस घाबरलेला असतो, त्याने हा आजार पहिल्यांदा पाहिलेला असतो, आणि डॉक्टरने शेकडो वेळा. अशा वेळी मत न देणे हे माझ्या मते आदराचे लक्षण नसून अंग काढून घेणे आहे.

प्रश्न क्रमाचा आहे. आधी रुग्णाला काय मोलाचे वाटते ते विचारावे : पुढच्या सहा महिन्यांत काय करायचे राहिले आहे, कशाची सर्वांत जास्त भीती वाटते, काय गमावले तर जगणे नकोसे होईल. ते ऐकून घेतल्यावर डॉक्टरांनी म्हणावे, "तुम्ही जे सांगितलंत त्यावरून मला हा मार्ग बरा वाटतो, आणि कारण हे." "साहेब, तमे कहो तेम", म्हणजे तुम्ही म्हणाल तसे, असे म्हणणाऱ्या रुग्णालाही हे प्रश्न विचारावेतच. "तुमची आई असती तर काय केलं असतं?" असे नातेवाईक हमखास विचारतात. त्याचे प्रामाणिक उत्तर द्यायला हरकत नाही, पण डॉक्टरची आई वेगळी बाई असते. तिला कीर्तनाला जाता येणे महत्त्वाचे असेल, आणि या आजींना नातीचे बाळंतपण पाहायचे असेल.

सहावी पायरी : सही

मी वर ज्या २००८ च्या निकालाचा उल्लेख केला, त्यात एका प्रौढ स्त्रीने दुर्बिणीतून तपासणी करण्यासाठी संमती दिली होती. ती भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय आणि अंडाशय काढण्यात आले. न्यायालयाने सांगितले की, शस्त्रक्रिया पुढे ढकलली असती तर जिवाला धोका नव्हता, रुग्ण प्रौढ होती, आणि म्हणून आईची संमती चालणार नाही. तपासणीची संमती ही उपचाराची संमती होत नाही. शस्त्रक्रिया वैद्यकीयदृष्ट्या योग्य होती की नाही हा वेगळा मुद्दा आहे.

यातून व्यवहारासाठी जे निघते ते असे. पोट उघडल्यावर किंवा दुर्बिणीतून वेगळे काही दिसले तर काय करायचे, हे सही करण्याआधी विचारून फॉर्मवर लिहून घ्यावे. कोऱ्या जागा असलेल्या फॉर्मवर सही करू नये. भुलीची संमती स्वतंत्र असते, आणि भूलतज्ज्ञांना भेटण्याची मागणी करण्यात गैर काही नाही. ठरलेल्या शस्त्रक्रियेचा फॉर्म ऑपरेशन थिएटरच्या दारात, स्ट्रेचरवर समोर येत असेल तर आदल्या दिवशीच तो मागून घरी वाचावा. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याचा हक्क राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत आहे, आणि वैद्यकीय व्यावसायिकांच्या २००२ च्या नियमांनुसार कागदपत्रांची मागणी केल्यापासून ७२ तासांत त्यांच्या प्रती द्याव्या लागतात. दुसरे मत घेतले म्हणून डॉक्टर रागावतील, ही भीती बहुधा निराधार असते. रागावलेच, तर दुसरे मत घेतले ते बरेच झाले.

सातवी पायरी : रुग्ण नाही म्हणाला तर

नकाराचे कारण विचारल्याशिवाय त्याला मतभेद समजू नये. इन्सुलिनला वर्षभर नकार देणारे एक गृहस्थ माझ्याकडे होते. खोदून विचारल्यावर कळले की त्यांच्या मोठ्या भावाला इन्सुलिन सुरू झाले आणि चार महिन्यांत तो गेला, म्हणून त्यांच्या लेखी इन्सुलिन म्हणजे शेवटची घंटा होती. भावाला ते फार उशिरा सुरू झाले होते, हे समजावल्यावर नकार गळून पडला. दुसऱ्या एका बाईंचा नकार फक्त तारखेला होता. घरातले लग्न पार पडू द्या, म्हणत होत्या, आणि तीन आठवडे थांबण्यात वैद्यकीय तोटा नव्हता.

काही नकार मात्र खरे असतात. मूत्रपिंडे निकामी झालेल्या, हृदयही थकलेल्या पंच्याऐंशी वर्षांच्या माणसाने आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास डायलिसिसवर पडून राहायला नकार दिला, तर तो अविचार म्हणता येत नाही. इथे मुले आणि वडील यांच्यात ओढाताण होत असेल तर मुदतीच्या प्रयत्नाची वाट सुचवावी : तीन आठवडे डायलिसिस करून पाहू, धाप आणि भूक सुधारते का ते पाहू, अमुक तारखेला पुन्हा बसू, आणि त्या दिवशी बाबा नको म्हणाले तर थांबवू. तारीख आणि सुधारणेची खूण दोन्ही लिहून ठेवावीत, नाहीतर मुदत कधीच संपत नाही. रुग्ण ठाम राहिला, तर नकार लिहून घ्यावा, वेदना आणि धाप यांवरचे उपचार चालू ठेवावेत आणि मन बदलले तर कधीही परत या असे स्पष्ट सांगावे. "सही करा आणि घेऊन जा, मग आमच्याकडे येऊ नका" हे बोलणे सूड आहे.

आठवी पायरी : शुद्धीत असतानाच लिहून ठेवावे

सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य करून सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. त्या निकालातली पद्धत इतकी किचकट होती की ती कोणी वापरेना. २४ जानेवारी २०२३ रोजी ती सोपी करण्यात आली. आता अठरा वर्षांवरील, सारासार विचार करू शकणाऱ्या व्यक्तीने हे पत्र लेखी करावे, दोन साक्षीदारांसमोर सही करावी आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करून घ्यावे. बरे होण्याची आशा नसलेल्या अवस्थेत कोणते उपचार नकोत हे त्यात स्पष्ट लिहावे, आणि स्वतःला बोलता येणार नाही तेव्हा कोणी बोलायचे त्या व्यक्तींची नावे द्यावीत. एकाहून अधिक नावे चालतात. पत्र कधीही रद्द करता किंवा बदलता येते.

प्रत्यक्ष वेळ आल्यावर ते आपोआप लागू होत नाही. रुग्णालयातील उपचार करणारे डॉक्टर आणि किमान दोन तज्ज्ञ यांचे पहिले मंडळ, आणि त्यानंतर मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेल्या डॉक्टरांसह दुसरे मंडळ अशी दोन मते घ्यावी लागतात, आणि प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत निर्णय द्यावा अशी अपेक्षा आहे. मानसिक आजाराच्या उपचारांसाठी २०१७ च्या कायद्यात असेच पूर्वनिर्देशपत्र आणि प्रतिनिधी नेमण्याची वेगळी सोय आहे. वारंवार आजार उलटणाऱ्या रुग्णाने, तो बरा असताना, तिचा उपयोग जरूर करावा. आणीबाणीच्या उपचाराला मात्र ते पत्र लागू होत नाही.

पत्र लिहिण्याआधी ज्यांची नावे द्यायची त्यांच्याशी बोलावे. मुलाला असे पत्र असल्याचे अतिदक्षता विभागाच्या बाहेर प्रथम कळणे हे त्याच्यावरही अन्यायाचे आहे. एक प्रत त्याच्याकडे, एक फॅमिली डॉक्टरांकडे आणि एक घरी ठेवावी. घरची प्रत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. लॉकर सकाळी उघडतो आणि रुग्णवाहिका बहुतेक रात्री येते. औषधांची पिशवी, जुने रिपोर्ट आणि आरोग्य योजनेचे कार्ड ज्या कप्प्यात असते, त्याच कप्प्यात, सर्वांत वर हे पत्र असावे, आणि तो कप्पा कोणता हे शेजाऱ्यांनाही ठाऊक असावे.